रविवारचं खरबूज

सोलांजच्या बाबांनी, म्हणजे एव्हारिस्तनी, दरवर्षीच्या सुट्टीच्या गावी येऊन चार दिवस झाले तरी बॅग रिकामी केली नव्हती. लागेल तो सदरा वरून काढायचा आणि पुन्हा चेन लावून टाकायची. उद्याच्या गाडीने आपण लीलला घरी परत जातो, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं. सोलांजने वाद घातला नाही. आई फेब्रुवारीत गेली, त्यानंतर ते सुट्टीला आले हेच खूप होतं. पण त्या रिकाम्या घरात ते पाव कुरतडत दिवस काढणार, हे तिला दिसत होतं. रविवारपर्यंत तरी त्यांनी राहावं, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारचा बाजार चर्चपुढच्या चौकात भरला होता. तिने आईची वेताची टोपली बाबांच्या एका हातात दिली, दुसऱ्या हातात आपल्या लहानग्या मुलीचा, झेलीचा, हात दिला आणि खरबूज घ्यायला सांगितलं. वर्षानुवर्षं या गावात येऊन बाबांनी बाजारातून कधी कांदासुद्धा घेतला नव्हता. ते कॅफेत पेपर वाचत बसायचे आणि आई टोपली भरून आली की "एवढं कशाला?" म्हणायचे. खरबूज घेण्यात काय मोठं, असंच त्यांना वाटलं असणार. सोलांज चीज घेईपर्यंत ते खरबूजवाल्या मिरेयच्या ढिगातलं एकेक खरबूज अंगठ्याने दाबून बघत होते.

"अहो, ती काय दाराची घंटा आहे?" मिरेय कडाडली. "हात लावायचा नाही. मी देते."

रांगेतले लोक हसले. बाबांचे कान लाल झाले. ते निघालेच होते, तेवढ्यात मिरेयचं लक्ष टोपलीकडे गेलं. निळ्या दोऱ्याने सांधलेली टोपलीची मूठ तिने ओळखली.

"ही ओदेतबाईंची ना? बाई कुठायत?"

"गेली," बाबा म्हणाले.

फेब्रुवारीपासून हा शब्द त्यांच्या वतीने सोलांजच सगळ्यांना सांगत आली होती. मिरेयने चुकचुक केली नाही. हात पुसून तिने टोपलीवर ठेवला.

"रविवारसाठी नेलेलं खरबूज जरा जास्त पिकलेलं निघालं, की पुढच्या गुरुवारी माझी बिनपाण्याने करायच्या," ती म्हणाली.

"माझी तर रोजच करायची," बाबा म्हणाले, आणि त्यांना चक्क हसू आलं.

"बरं, सांगा. कधी खाणार?"

हे ती प्रत्येकालाच विचारते, त्याशिवाय खरबूज देत नाही. दुपारचं वेगळं, उद्याचं वेगळं. पण चीज घेऊन आलेली सोलांज पुढे व्हायची थांबली. उद्या निघालेला माणूस काय सांगणार?

बाबांनी झेलीकडे पाहिलं, मग खरबुजांकडे.

"एक आजचं," ते म्हणाले. "आणि एक रविवारचं. ते नीट बघून द्या."

मिरेयने देठ हुंगत हुंगत दोन निवडली. सोलांजला तिचे आभार मानायचे होते. नुसताच तिचा मातीने भरलेला हात तिने घट्ट दाबला. मिरेयला कशाचाच पत्ता नव्हता. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

"आजोबा, रविवारचं तुम्हीपण खाणार?" झेलीने वाटेत विचारलं.

"मग काय, तुला एकटीला देऊ?" बाबा म्हणाले.