भिंगरीच्या दंडावरची खूण

मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणूनच धाकट्या जावेला तेव्हा तोंडावर सांगितलं होतं, पोरीला त्या कल्हईवाल्याकडे नेऊ नकोस. तिनं ऐकलं तर नाहीच, वर महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

तिची भीती मात्र उगाच नव्हती. पूर्वी देवी काढायच्या म्हणजे एका पोराच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याला टोचायची. तिच्या बहिणीच्या मुलाला तसं टोचलं, हात सडला आणि पोर गेलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. पुढे वासराची लस आली, ती बरी होती, मी स्वतः टोचून घेतली. पण जाऊ म्हणायची, "जनावराचा पू माझ्या लेकीच्या अंगात नको." आणि दंडावर टोचल्याच्या खुणेवाचून तर शाळा नाही, बटणांच्या कारखान्यात काम नाही. कल्हईवाला तापल्या सळईनं हुबेहूब खूण उठवून द्यायचा. भिंगरी तेव्हा एवढीशी होती. यालाच देवी काढणं म्हणतात, असं आईनं तिला सांगितलं. पोरीला ते खरं वाटलं, आणि मोठी होऊन कारखान्यात लागली तरी खरंच वाटत होतं.

यंदा देवीची साथ आली. आधी नदीपलीकडे, मग बाजारात, मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दारांवर चुन्याच्या फुल्या पडू लागल्या. कारखान्याचा भोंगा बंद झाला आणि तिथल्याच गोदामात आजाऱ्यांच्या खाटा लागल्या. परिचारिका पुरेनात, म्हणून हुकूम निघाला: दंडावर खूण असलेल्या प्रत्येक धडधाकट बाईनं सेवेला यायचं. आमच्या घरातून दोघी, मी आणि भिंगरी.

जावेच्या पायाखालची जमीन सरकली. नवऱ्याची नोकरी जाईल, आपण तुरुंगात जाऊ, कशाचाही विचार न करता ती आमच्या आधी गोदामाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, तिची खूण खोटी आहे," तिनं डॉक्टरांना हात जोडले. "मीच डागून घेतली. तिला आत पाठवू नका. नाहीतर आधी टोचा तरी."

डॉक्टर कित्येक रात्री झोपले नसावेत. त्यांनी मानही वर केली नाही. "बाई, सकाळपासून तुमच्यासारख्या कितीतरी आया येऊन गेल्या. काल लस नको होती, आज सगळ्यांच्याच खुणा खोट्या. उरलेली लस तान्ह्या पोरांची आहे."

"मी साक्षीला आहे ना," मी म्हटलं. भिंगरीला घेऊन मी मागोमाग पोचले होते.

"तुम्ही कोण?"

"काकू तिची."

ते नुसते हसले. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा गेले आणि कल्हईवाल्याला मनगटाला धरून घेऊन आले. मेल्यानं भिंगरीचा दंड उजेडाकडे वळवला, स्वतःचीच कारागिरी नीट न्याहाळली आणि कानांवर हात ठेवले. "ही सरकारी खूण आहे, साहेब. मी भांड्यांना कल्हई लावतो, पोरांना नाही."

जाऊ मटकन खाली बसली. भिंगरीनंच तिला उठवलं. "आई, माझ्यासाठी असं खोटं बोलू नये गं. मला आठवतंय ना, केवढं दुखलं होतं. ते काय उगाच दुखलं?"

आणि बाही दुमडून ती आत गेली. मी तिच्या पाठोपाठ.

पोर कामाला वाघ. अंगभर फोड आलेल्या माणसांच्या उशाशी बसून ती चमच्यानं पाणी पाजायची. कुणी घाबरलं की दंड दाखवायची, "हे बघा, मला काही होत नाही. बरे झालात की पोरांना टोचून आणा." कधी न ऐकणाऱ्या बायका तिला हो म्हणायच्या. मी तिला लांबची कामं द्यायचे, चादरी उकळ, पाणी भरून आण. ती करायची आणि पुन्हा उशाशी जाऊन बसायची. मीही तिला खरं ते सांगून पाहिलं. "तूसुद्धा आईला सामील झालीस का?" म्हणत तिनं मलाच चिडवलं.

जाऊ रोज कुंपणापाशी येऊन उभी राहायची. भिंगरी आतून हात हलवायची.

दुसरा आठवडा सरत आला. एका सकाळी चादर पिळता पिळता ती थांबली आणि भिंतीला टेकली. "काकू, पाठ मोडल्यासारखी दुखतेय गं. डोकंही ठणकतंय."

दुखणं पाठीपासून सुरू होतं, हे त्या गोदामात आता तिलाही ठाऊक होतं. पाठ दुखते का, हा पहिला प्रश्न नव्यानं आलेल्या प्रत्येकाला तीच विचारायची. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. तिला कळू नये म्हणून मी हात तसाच ठेवला.

"बादल्या उचलून असेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "मला टोचलंय ना, काकू?"

"हो गं बाई," मी म्हटलं. "टोचलंय."

कडेची रिकामी खाट झाडून मी तिला निजवलं. बाहेर कुंपणापाशी जाऊ येऊन उभी होती. भिंगरी कुठाय, असं तिनं हातानंच विचारलं. आणि मी, एवढी फटकळ बाई, उठून खिडकी लावून घेतली.