पाय असलेली अक्षरं

गेल्या मंगळवारी आमच्या करंजाखाली एसटी थांबली आणि अंबूआत्या दारातूनच वेल्ह्याला गेली. हे घडलेलं नाही. कंडक्टर वनिताबाईंनी तसं बजावलंय, तेव्हा तुम्हीही वाचलं नाही असं समजा.

मार्गासनी आणि विंझरच्या मधे आमची सात घरं. थांबा मार्गासनीला, दोन किलोमीटर मागं. आत्याचे गुडघे पार गेलेले, म्हणून दर मंगळवारी वेल्ह्याच्या दवाखान्यात शेक. म्हणजे गुडघे दाखवायला ती आधी गुडघे झिजवते.

मी विंझरला फ्लेक्सच्या दुकानात कामाला. ‘बस थांबा’ अशी पाटी छापून करंजाला बांधली. एसटी तीन दिवस समोरून गेली, हॉर्नही न देता. चौथ्या दिवशी कॉम्प्युटरात एक जुन्या वळणाचा फॉन्ट सापडला. पूर्वी कुस्त्यांच्या जाहिरातींत असायची तसली जाडजूड अक्षरं, आणि प्रत्येक दांडीखाली आडवा ठोकळा. गमबूट घालून उभी असल्यासारखी. तेच दोन शब्द त्यात छापले. एसटी करकचून थांबली.

"कुणाची मंजुरी हाय ह्या थांब्याला?" वनिताबाईंनी खिडकीतून विचारलं.

"कुणाचीच न्हाई."

"मग काढा आदी."

काढली. पण मला चैन पडेना. एसटी शब्दांना थांबली की अक्षरांना? एवढंच बघायला त्याच फॉन्टात नुसतं ‘मटकी’ छापून बांधलं. मंगळवार होता. आत्या दारात चपला शोधत होती.

एसटी थांबली.

ड्रायव्हर मानसिंगराव स्टिअरिंग धरून बसले. "आयला, म्या का थांबलो?"

मी पाटी दाखवली. "मटकी."

"मला नको मटकी."

"आमच्याकडंबी न्हाई."

तेवढ्यात आत्या चढलीसुद्धा. वनिताबाईंनी पाटी दोनदा वाचली. "ह्याला मंजुरी?"

"मटकीला कसली मंजुरी, बाई?"

"बरं. पण आमी हितं थांबलोच न्हाई, काय?" त्यांनी बेल मारली.

आत्या खिडकीतून ओरडली, "सोमनाथ, गुडघं माजं गेलं आन पाय तुज्या अक्षरांना फुटलं व्हय रं?"

काल तपासणीची जीप आली. तीही मटकीपाशी थांबली, तिथंच घोटाळा झाला. साहेबांनी आपण का थांबलो याचं कारण अर्धा तास शोधलं, सापडलं नाही, म्हणून पाटी जप्त केली. हे ऐकून आमच्या मालकानं घाबरून फॉन्टही पुसून टाकला. उद्या मंगळवार. म्हणून हा अर्ज:

मा. आगार व्यवस्थापक यांस सविनय सादर. सदर पाटीवरील ‘मटकी’ हा मजकूर आपल्या कार्यालयात कायम जप्त राहण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि त्यातील अक्षरांचे पाय (ट या अक्षरास पाय नसल्याने म, क व वेलांटीची दांडी यांचे मिळून एकूण तीन) सुटे करून, पैकी दोन, अर्जदाराची आत्या श्रीमती अंबूबाई यांस दर मंगळवारी जाण्यायेण्यापुरते वापरण्यास मिळावेत. उरलेला एक कार्यालयाने ठेवून घ्यावा, ही नम्र विनंती.