पणजोबांचं कंदाहार

"अफगाणिस्तान आजवर कुणालाही जिंकता आलेलं नाही. इंग्रजांना नाही, रशियनांना नाही, अमेरिकनांना तर नाहीच नाही. जगाच्या इतिहासात अपवाद एकच. आमचं घराणं!"

हे उद्गार यादवरावांनी पुंगोलमधल्या अकराव्या मजल्यावर, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, हातात रिकामा कप धरून काढले. कप रिकामा होता, कारण मुलाच्या घरातल्या कॉफी मशीनचं कुठलं बटण दाबायचं हे सिंगापूरला येऊन तीन आठवडे झाले तरी त्यांना उमगलेलं नव्हतं. नंदाताई उठल्या, त्यांनी बटण दाबलं, कप भरला आणि परत भाजी निवडायला बसल्या. अफगाणिस्तानचा विषय त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच सोडून दिला होता.

यादवरावांनी आयुष्यभर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी केली. त्यांच्या हातून गेलेल्या काडतुसांत दोन-चार लढाया सहज झाल्या असत्या, पण स्वतः त्यांनी फटाकासुद्धा लांबून लावला. घराण्याचं सगळं शौर्य एकट्या पणजोबांकडे जमा होतं. येसनाक हवालदार, बॉम्बे आर्मी. १८८० साली कंदाहारला वेढा पडला तेव्हा ते तिथे होते, आणि कुणा साहेबाने तिथेच त्यांचं चित्र काढलं होतं, एवढं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. चित्र कुणी पाहिलं नव्हतं. फोटो नाही, मेडल नाही. पुढे इंग्रज सरकारने येसनाकांच्या जातीची पलटणीतली भरतीच बंद केली, आणि येसनाक हवालदारांच्या मागे उरलं ते फक्त नाव. बाकीचं यादवरावांनी भरून काढलं. चाळीस वर्षं, प्रत्येक सभेत, प्रत्येक बारशाला त्यांचे पणजोबा कंदाहारच्या वेशीवर एकट्याने तलवार घेऊन उभे राहत आले होते. फक्त तो चेहरा एकदा बघायला मिळावा, एवढीच यादवरावांची इच्छा होती. आपलं नाक कुठून आलं हे माणसाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यामुळे त्या शुक्रवारी सून एकता ऑफिसमधून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, आमच्या ऑफिसजवळ, तांजोंग पगारला, एका शॉपहाउसमध्ये प्रदर्शन लागलंय. कुणा इंग्रज लेफ्टनंटची चित्रं आहेत. काबूल, कंदाहार, छावण्या, पठाण, उंट," तेव्हा यादवराव सोफ्यावरून असे उठले की शेजारच्या खोलीत नातू दचकून जागा झाला.

"साल?"

"१८८० लिहिलंय पोस्टरवर."

"नंदा! माझा सफारी काढ!"

"आता? बंद झालं असेल हो. उद्या जा."

रात्रभर यादवरावांना झोप लागली नाही. सकाळी पुंगोलच्या कालव्याकाठी ते ही बातमी घेऊनच फिरायला गेले. त्या कालव्याकाठी रोज सकाळी महाराष्ट्रातून आलेल्या आजोबांची एक फौज नातवंडांच्या बाबागाड्या ढकलत संचलन करत असते. तिचे दुसरे सेनापती होते कोथरूडचे श्रीनिवासराव. त्यांचे पूर्वज अटकेपार झेंडे लावायला गेले होते, आणि ते अजून परत आले नसावेत अशा थाटात श्रीनिवासराव त्यांच्याबद्दल बोलत.

"कंदाहार?" श्रीनिवासराव बाबागाडी थांबवून म्हणाले. "अटकेच्या पुढेच की ते. आमच्यामागून सव्वाशे वर्षांनी पोचलात म्हणायचं."

"उशिरा पोचलो, पण चित्र काढून घेतलं. तुमच्या झेंड्याचा फोटो आहे का एखादा?"

"तुमचं चित्र तरी कुठे आहे?"

"आज बघायला चाललोय. या, सोबत या!"

हे म्हणून झाल्यावर यादवरावांना धोका दिसला. चित्र नसलंच तर हा माणूस उद्यापासून कालव्याच्या दोन्ही काठांवर सांगत फिरेल. पण शब्द गेला होता. नातवाला मुलावर, रत्नदीपवर सोपवून, एमआरटीच्या गाड्या बदलून, चौघंजण तांजोंग पगारला उतरले. सफारी घातलेले यादवराव, श्रीनिवासराव, एकता, आणि "मला आपली एसीत बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ" असं म्हणत आलेल्या नंदाताई.

गॅलरी जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर होती. खाली एक चिनी आजीबाई तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोड पदार्थ विकत बसल्या होत्या. वर गारठा आणि शांतता. प्रदर्शन मांडणारी सेरीन नावाची तरुण मुलगी गोल चष्मा लावून पुढे आली. यादवरावांनी तिला इंग्रजीत, खडकीच्या कारखान्यात साहेबांपुढे बोलायचे तशा आवाजात, आपल्या येण्याचं कारण सांगितलं. सेरीनचे डोळे चष्म्याएवढे झाले.

"अंकल, खरंच? आजवर या चित्रांतल्या कुणाचे नातेवाईक भेटलेच नाहीत! या, या, सगळी बघा!"

यादवराव पहिल्या भिंतीपासून सुरू झाले. काय काय होतं तिथे! करड्या डोंगरांच्या रांगा, खिंडीतून ओढल्या जाणाऱ्या तोफा, डाळिंबं विकणारा म्हातारा, भलामोठा फेटा बांधलेला एक सरदार, ज्याच्याकडे बघून श्रीनिवासराव उगाचच "ओळखीचा वाटतो" म्हणाले. बसलेले उंट, उभे उंट, बसावं की उभं राहावं या विचारात पडलेला एक उंट. साहेब लोक तंबूपुढे खुर्च्या टाकून चहा पिताहेत. प्रत्येक शिपायापुढे यादवराव नाक भिंतीला टेकेल इतके वाकत, आणि कोपऱ्यातला रखवालदार प्रत्येक वेळी खोकत असे.

पण शिपाई होते कुठे? जे होते ते रांगेत, दूर, मुंगीएवढे. कुणाला नाकच काढलेलं नव्हतं. साहेबाने उंटाच्या पापण्यासुद्धा काढल्या होत्या.

"उंटांत बघितलंत का नीट?" श्रीनिवासरावांनी सहज विचारलं.

शेवटच्या भिंतीपाशी यादवराव मुंगीएवढे शिपाई पुन्हा मोजायला लागले. एकता म्हणाली, "बाबा, असू दे ना." तेवढ्यात मागून नंदाताई म्हणाल्या, "हा मेला भाकरी का थापतोय इथे?"

सगळे वळले. नंदाताई बाकावर बसल्या होत्या आणि समोर, दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या एका लहानशा चित्राकडे बघत होत्या. चित्रात संध्याकाळ होती, धूळ होती, आणि एक माणूस गुडघ्यांवर बसून, पुढे वाकून, दोन्ही हात जमिनीशी टेकवून होता. खाली छापलेलं होतं: 'प्रार्थनेत मग्न अफगाण, पुढ्यात ढाल. कंदाहार, १८८०.'

"नंदा, ते प्रार्थना करताहेत," यादवराव दबक्या आवाजात म्हणाले. "असं बोलू नये."

"प्रार्थना करणारा माणूस कोपरापर्यंत पीठ लावून बसतो का? आणि ती ढाल काय? तवा आहे तो! खाली तीन दगड दिसत नाहीत तुम्हाला? उजवा हात बघा कसा पसरलाय. डावा बघा, कड फाटू नये म्हणून वळवून धरलाय. ज्वारीचं पीठ जुनं झालं की अशीच धरावी लागते."

एकता चित्राजवळ गेली. मग श्रीनिवासराव गेले. मग यादवराव गेले, आणि या वेळी रखवालदार खोकला तरी हलले नाहीत.

"अय्या," एकता म्हणाली. "आई, खरंच हो!"

एकताने सेरीनला समजावायचा प्रयत्न केला. भाकरी म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगताना तिची दमछाक झाली. चपातीसारखी पण चपाती नाही, लाटत नाहीत, हाताने मारत नेतात. सेरीनला मारणं तेवढं कळलं.

"आंटी, मला दाखवाल? प्लीज! आता, इथेच!"

"पिठाशिवाय काय दाखवू, माझं डोंबल?"

सेरीन जिना उतरून धावली आणि खालच्या आजीबाईंकडून वाटीभर तांदळाचं पीठ आणि एक पसरट ताट घेऊन वर आली. पाठोपाठ, आपलं पीठ कुठे चाललंय ते बघायला, आजीबाईही आल्या. कॅटलॉग बाजूला सारून टेबल मोकळं झालं. नंदाताईंनी पदर खोचला, गरम पाणी मागवलं, पीठ मळलं, गोळा केला, ताटावर पीठ भुरभुरवलं आणि थाप् थाप् थाप् सुरू केलं. गारठलेल्या गॅलरीत तो आवाज असा घुमला की पलीकडच्या खोलीतून चार-पाच पर्यटकही आले. सेरीन एका हाताने मोबाइलवर फोटो काढत होती, दुसऱ्या हाताने चित्राकडे बोट दाखवत होती.

"स्टॉप, आंटी! हलू नका!"

नंदाताई थांबल्या. उजवा तळवा पसरलेला, डावा हात कडेला वळलेला. भिंतीवर तोच उजवा, तोच डावा. फरक एवढाच की भिंतीवरच्या हातांत बांगड्या नव्हत्या.

"ओ माय गॉड," सेरीन अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "सेम, लाह! सेम!"

टाळ्या पडल्या. चिनी आजीबाईंनी भाकरीची कड चाचपून पसंतीची मान हलवली. रखवालदार खोकायचं विसरला.

आणि मग सेरीनने मोबाइलचा दिवा चित्रावर धरला, तेव्हा त्या धुळीत आजवर कुणी न पाहिलेली एक गोष्ट दिसली. माणसाच्या मागे, एका काठीवर, त्याचा खाकी कोट टांगलेला होता. बाहीवर तीन पट्ट्या होत्या.

"हवालदार!" यादवराव जवळजवळ ओरडलेच. "हवालदार आहे हा! बॉम्बे आर्मीचा! भाकरी थापणारा हवालदार दुसऱ्या कुठल्या आर्मीत असणार?"

आनंदाने त्यांनी श्रीनिवासरावांचा दंड पकडला. श्रीनिवासरावांनी तो सोडवून घेतला नाही, पण संधीही सोडली नाही. "अभिनंदन, यादवराव. पण तलवार कुठे दिसत नाही ती? वेशीवर उभे होते ना? इथे तर बसलेत."

यादवरावांचा हात सैल पडला. हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. चाळीस वर्षं उभा केलेला माणूस एका क्षणात चुलीपुढे बसला होता.

"तलवार तुम्ही दिलीत त्यांच्या हातात," हाताचं पीठ झटकत नंदाताई म्हणाल्या. "सासूबाई काय सांगायच्या ते विसरलात. वेढा पडला तेव्हा येसनाकाने आपल्या माणसांतलं एकही माणूस उपाशी झोपू दिलं नाही. मिळेल ते पीठ, मिळेल ते जळण. स्वतः बसून थापायचा, पट्ट्या काढून ठेवून. मला चार वेळा सांगितलंय त्यांनी. तुम्हाला सांगायच्या तेव्हा तुम्ही भाषण पाठ करत असायचा."

यादवरावांना आठवलं. सांगत असे खरी आई. ऐकलंही होतं त्यांनी. पण भाकरीवर सभेत टाळी पडत नाही.

एकताने हे सगळं इंग्रजीत सांगितलं, तेव्हा सेरीनने विचारलं, "अंकल, हे तुमचे पणजोबा आहेत का? तुम्ही सांगा. मी पाटी बदलते. त्यांचं नाव घालते, 'कुटुंबीयांनी ओळखले' असं लिहिते. हे चित्र इथून पुढे जिथे जाईल तिथे ते नाव जाईल."

यादवराव चित्राजवळ गेले. ज्या चेहऱ्यासाठी जन्म गेला, तो चेहरा खाली झुकला होता, पिठाकडे. साहेबाने काढलं होतं ते फक्त मुंडासं, मान आणि एक कान. कान थोडा पुढे आलेला होता. यादवरावांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. कान पुढे होता. मग त्यांनी हळूच श्रीनिवासरावांच्या कानाकडे बघितलं. तोही पुढेच होता.

हो म्हटलं की झालं. येसनाक हवालदार, कंदाहार. सातासमुद्रापार छापलेलं नाव.

"मला माहीत नाही," यादवराव म्हणाले.

"बाबा!" एकता म्हणाली.

"काय सांगू? त्या वेढ्यात आपले हवालदार थोडे का होते? सगळ्यांनाच भूक लागत असणार. असतील आमचे. नसतील तर दुसऱ्या कुणाचे असतील, आणि त्यांचा पणतू आज इथे वुडलँड्समध्ये नाहीतर तिकडे खडकीत बसून चित्र शोधत असेल. आमचं नाव घातलं तर त्याने कुठे जायचं?"

नंदाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सोडून दिलेला विषय त्यांना पहिल्यांदा ऐकावासा वाटला.

"घाला हो नाव," एकदम श्रीनिवासरावच म्हणाले. "कोण विचारतंय? आमच्या अटकेवाल्यांना कुणी जेवायला घातलं, तेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. घाला, मी साक्षीला आहे."

"नको," यादवराव म्हणाले. "सेरीन, लिही. बॉम्बे आर्मीचा हवालदार, आपल्या माणसांसाठी भाकरी थापताना. कंदाहार, १८८०. बस. अफगाण नाही, ढाल नाही."

सेरीनने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला, टाइप केलं, आतल्या खोलीतला प्रिंटर कुरकुरला. जुनी पाटी निघाली, नवी लागली. त्यात भाकरी हा शब्द इंग्रजी अक्षरांत, पण भाकरीच. पर्यटकांनी फोटो काढले. आजीबाईंनी नंदाताईंच्या ताटातली भाकरी उचलली आणि खाली वाफवायला नेली, कारण त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. श्रीनिवासरावांनी चित्रापुढे टाचा जुळवून खाडकन सलाम ठोकला. एकता डोळे पुसत होती. सेरीन म्हणत होती, की तिच्या आजवरच्या नोकरीतला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि यादवराव अंकलसारखा मनाचा मोठा माणूस तिने पाहिला नाही.

यादवरावांनी ते सगळं नम्रपणे ऐकून घेतलं. मग बाकीचे जिन्याकडे वळल्यावर ते दोन पावलं मागे राहिले, नंदाताई ऐकत नाहीत याची खात्री करून घेतली, आणि सेरीनच्या कानाशी वाकून म्हणाले, "बेटा, एक करशील? 'हवालदार' जरा मोठ्या टायपात घे. आणि 'भाकरी' थोडी बारीक."