रस आंबलाय, असं मी म्हणालो

पौषातला पहिला कच्चा रस लेकीच्या सासरी गेलाच पाहिजे, नाहीतर आमच्या फरीदपूरकडे बापाचं नाक कापलं जातं. त्यात मी तीस वर्षं रसासाठी खजुरीची झाडं तासणारा. भल्या पहाटे सहा झाडांची मडकी उतरवली, सगळा रस एका घागरीत ओतला आणि रिक्षावाल्याबरोबर जोसनाकडे धाडला. तिला सातवा महिना लागला होता.

उजाडल्यावर त्या सहांतलं तळ्याकाठचं झाड तासायला चढलो. वटवाघळं येऊ नयेत म्हणून मडक्याच्या जागेवर बांधलेली बांबूची तट्टी फाटून एका बाजूला लोंबत होती. ज्या नळीतून रस गळतो तिच्यावर वटवाघळाची ताजी घाण. निपाचा ताप असाच येतो, हे आरोग्यसेविका निलुफाआपा दर हिवाळ्यात घसा कोरडा करून सांगते. गेल्या साली पलीकडच्या गावात एक जण असा रस पिऊन गेला, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या दोघी मागोमाग गेल्या. तट्टी फाटली आहे हे मला चार दिवसांपासून माहीत होतं. उद्या बांधू, उद्या बांधू, करत राहिलो.

जोसनाच्या घरी कोणी फोन उचलेना. मी सायकल काढली. कच्चा रस ऊन चढायच्या आत पितात, आणि धुकं विरळ व्हायला लागलं होतं. वाटेत दोनदा चेन पडली. दुसऱ्या वेळी मी स्वतःलाच अशा शिव्या घातल्या की बांधावरची बाई पदर सावरत लांब झाली.

पोचलो तर अंगणात घागर तशीच भरलेली, तोंडावरचं फडकं जागच्या जागी. जोसना पेले विसळत होती. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हाच खरं बोलून टाकायला हवं होतं. पण रस प्यायला चार शेजारी जमलेले, आणि समोर माझे व्याही इद्रिस बेपारी मिशीत हसत उभे. सकाळी दिलेली घागर परत न्यायला आलात का, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. माझ्या हातच्या रसाने माणूस मरेल, हे सांगायला जीभच वळेना.

"रस आंबलाय," मी म्हणालो. "ओतून टाका. उद्या ताजा आणतो."

"तुमचा रस आणि आंबट? बघू तरी." त्यांनी पेला बुडवला आणि मी हात पुढे करेपर्यंत घटाघटा रिकामा केला. मिशी पुसत म्हणाले, "गुळासारखा आहे हो. चिक्कू कुठले."

मी लाथेने घागर कलंडवली. मग सगळं सांगितलं, तट्टी, चार दिवस, घाण, सगळं. शेजारी एकेक करून उठून गेले.

"अब्बा, आल्या आल्या का नाही सांगितलंत?" जोसनाने विचारलं. मी पायाने सांडलेल्या रसावर माती लोटत राहिलो.

निलुफाआपाने पंधरा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. ताप आला तर व्याह्यांच्या उशाशी कोण बसणार, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. विहीणबाई कधीच वारल्या, जावई ढाक्याला. घरात जोसना एकटी. मी व्याह्यांना म्हटलं, पंधरा दिवस माझ्याकडे चला, तुमचं सगळं मी करीन. सुनेच्या माहेरी इतके दिवस पडून राहणं त्यांना कमीपणाचं. आधी तोंड वाकडं केलं. मग जोसनाच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि लुंगी-चादर आणायला आत गेले.

रोज सकाळी मी त्यांच्या कपाळाला हात लावतो. रोज ते हात झटकतात आणि विचारतात, मी काय तुमची बायको आहे का? मी हसतो. गावात माझा रस आता कोणी घेत नाही, त्याचंही काही वाटेनासं झालंय.

आज आठवा दिवस. आज त्यांनी हात झटकला नाही. कपाळ तापलं होतं. मी तोंडाला फडकं बांधलं आणि निलुफाआपाला फोन लावायला उठलो.

"जोसनाला कळवू नका," ते डोळे मिटूनच म्हणाले. "ती धावत येईल."