फ्रायबुर्गहून येणारा फोन

सप्टेंबरच्या अखेरीस नीलांबरीची लेक आश्लेषा, जावई माथियास आणि सहा महिन्यांची नात ऋता जर्मनीला परत गेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या घरी फ्रायबुर्गहून फोन येऊ लागला. नीलांबरी तो स्वयंपाकघरात उभ्यानेच घेत असे. तिला लेकीच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचे होते आणि ते ऐकण्यासाठी बसण्याची गरज नव्हती.

जवळच वूस्टरमधल्या एका संशोधन संस्थेने आश्लेषाला नोकरी देऊ केली होती. ही संधी आपोआप चालून आलेली नव्हती. भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम करून निवृत्त झालेल्या नीलांबरीने एका जुन्या सहकाऱ्याच्या कानावर मुलीचे नाव घातले होते, आणि आश्लेषा बाळाला घेऊन माहेरी आलेली असताना मुलाखतही पार पडली होती. होकार-नकार जानेवारीत कळवायचा होता. आता प्रश्न फक्त जावयाचा, असे नीलांबरी धरून चालली होती. म्हणून फिरायला जाण्याच्या निमित्ताने तिने माथियासला पलीकडच्या रस्त्यावरचे एक विकाऊ घर दाखवले होते. त्याने ते बाहेरून लक्षपूर्वक पाहिले आणि छप्पर चांगले आहे, असे सांगितले. नीलांबरीने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

ऑक्टोबरमध्ये आश्लेषाने बाळांच्या पोहण्याच्या वर्गाविषयी सांगितले. नोव्हेंबरमध्ये शेजारची मुले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरली, त्यांच्यामागून ऋताची गाडी ढकलत तीही फिरली. सासूबाईंच्या, म्हणजे गुद्रूनच्या, सत्तरीला सगळे नातेवाईक जमले. डिसेंबरमध्ये ते आगगाडीने एका मोठ्या सरोवराकाठी गेले; धुक्यामुळे सरोवर दिसलेच नाही, पण सूप उत्तम मिळाले. नीलांबरी "छान, छान" म्हणे आणि पहिली फट सापडताच विचारी, "आणि माथियास काय म्हणतोय?"

एकदा फोन ठेवल्यावर तिच्या नवऱ्याने, प्रल्हादने, वर्तमानपत्र खाली केले. "काय म्हणाली?"

"काही विशेष नाही. सगळं ठीक आहे."

"अगं, स्पीकरवर मी ऐकलं ते! ऋता सोफा धरून उभी राहिली म्हणाली ती."

"हो, तेही म्हणाली."

"भूल देणारीला स्वतःलाच भूल चढलीय," प्रल्हाद म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

संक्रांत रविवारी येत होती. त्याआधी आठवडाभर आश्लेषा ऋताला घेऊन येणार, संस्थेत जाऊन कागदपत्रांवर सह्या करणार आणि रविवारी नातीचे बोरन्हाण होणार, असा बेत नीलांबरीने आखला होता. आश्लेषा त्यावर "बघू, आई" एवढेच म्हणाली होती. नीलांबरीने मात्र ओळखीच्या मराठी घरांना आमंत्रणे दिली आणि ती देताना "आता ती इकडेच येतेय कायमची" हेही सांगून टाकले. मग ती हलवा करायला बसली. मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात दिवसरात्र हीटिंग चालू असते, हवा अगदी कोरडी होते, आणि हलव्याला काटा असा येतो की नागपुरातल्या तिच्या आईनेही तोंडात बोट घातले असते. मंद आचेवर तिळावर चमचा चमचा पाक सोडत तिने दाणे फुलवले, ओवले. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा तयार झाला. काळे झबले शिवून झाले.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी आश्लेषाचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता.

"आई, मी त्यांना नाही म्हणून कळवलं. आणि या महिन्यात येणंही कॅन्सल केलं."

नीलांबरीने गॅस बंद केला. "माथियासला नको वाटलं का? हे बघ, त्याला इथे काम मिळेल. मी बोलते त्याच्याशी."

"माथियास तयार होता, आई. त्याने तर ते घर इंटरनेटवर पण शोधून काढलं होतं. नकार मीच दिला."

"तू? अगं, तुझं घर इथे आहे. तू वाढलीस इथे."

"हो ना. म्हणूनच तर विचार करायला तीन महिने लागले. सप्टेंबरमध्ये आम्ही स्टेशनवर उतरलो. ऋता रडत होती, एक बॅग विमानातच राहिली होती. ट्रॅम आली, आम्ही चढलो आणि मला एकदम हुश्श वाटलं. श्रूजबरीला आले की आनंद होतो मला, खरंच. पण हुश्श होत नाही. तुला समजतंय का मी काय म्हणतेय?"

नागपूरहून पहिल्यांदा परतताना बॉस्टनच्या विमानतळाबाहेर बर्फात उभे राहून नीलांबरीला जे वाटले होते, ते तिने त्या वेळी प्रल्हादलाही सांगितले नव्हते. आईला पाठवलेल्या पत्रात तर तिने लिहिले होते की इथे करमत नाही.

"आई? आहेस ना?"

"आहे. समजतंय," ती म्हणाली. "पण मला राग आलाय."

"येऊ दे ना राग."

दुपारी प्रल्हाद म्हणाला, "सगळ्यांना फोन करून कळवतो मी. कॅन्सल करू."

"कशाला? लोकांची मुलं येणार आहेत."

"आणि बोरन्हाण कुणाचं करणार? माझं?"

तिला हसू आले नाही. पण संध्याकाळी तिने शिवांगीला फोन लावला. नवऱ्याच्या नोकरीमुळे ही नागपूरची मुलगी दीड वर्षापूर्वी इथे आली होती. तिचा वेद वर्षाचा व्हायचा होता आणि तिच्या आईला व्हिसा नाकारला गेला होता.

"काकू, पण ते दागिने तर ऋतासाठी केले ना तुम्ही?" शिवांगी संकोचून म्हणाली.

"साखरेचे आहेत, तिजोरीत ठेवायचे नाहीत. आणि वेदला मुकुट मोठा झाला तर गळ्यात घालू."

रविवारी दिवाणखान्यात चादर अंथरली गेली. बोरांऐवजी द्राक्षे आणि क्रॅनबेरी, शिवाय चुरमुरे, गोळ्या आणि इंडियन स्टोअरमधून आणलेले उसाचे करवे. वेदने पहिला ओंजळभर मारा सोसला, दुसऱ्याला भोकाड पसरले आणि मधेच रडणे थांबवून बाजूबंद तोंडात घातला. मुलांनी झडप घातली. "दॅट्स माइन!" असा गलका उठला. शिवांगी हसता हसता डोळे पुसत होती.

तिळगूळ वाटून झाल्यावर सीमाकाकूंनी सर्वांसमक्ष विचारले, "काय हो नीलांबरी, पाहुणी कुठाय तुमची? आश्लेषा कधी येतेय मग?"

प्रल्हादने घाईने चहाचा विषय काढला. नीलांबरीने त्याला हाताने थांबवले.

"ती येत नाहीये, सीमाकाकू. तिने नोकरी नाकारली. तिला तिथेच राहायचंय."

"अगं बाई! जावई अडून बसला असेल. ही गोरी माणसं—"

"नाही, तो तयार होता. तीच नाही म्हणाली. मी सगळ्यांना सांगत सुटले ते माझ्या मनाचं होतं."

सीमाकाकूंनी तिळगुळाचा तुकडा मोडला आणि वेदच्या मुठीत कोंबला.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा आश्लेषाने नेहमीप्रमाणे आठवड्याचा आढावा उरकला. ऋताची सर्दी बरी झाली, माथियास दोन दिवस कामासाठी बाहेरगावी होता. "बाकी काही विशेष नाही," ती म्हणाली आणि आईच्या नेहमीच्या प्रश्नासाठी थांबली.

नीलांबरीने जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढली आणि ती बसली.

"पुढच्या महिन्यात काय आहे तिकडे?"

"पुढच्या महिन्यात? कार्निव्हल." आश्लेषाच्या आवाजात सावधपणा होता. "इकडे लोक लाकडी मुखवटे घालून रस्त्यावर येतात. चेटकिणी वगैरे. गुद्रून ऋतासाठी ड्रेस शिवतायत, चिंध्याचिंध्यांचा. जुने पडदे फाडलेत त्यांनी."

"पडदे? कुठल्या रंगाचे?"

"हिरवे, लाल... आई, तुला खरंच ऐकायचंय?"

"मुखवटे बघून भिईल ना गं ती?"

"भिईल. मग एखादी चेटकीण जवळ येते, मुखवटा वर करते आणि आतून आमच्या बेकरीतलीच बाई निघते."

"बरं," नीलांबरी म्हणाली. "आणि मग?"