मंडळाची मेटॅडोर

"समोरची काच काहून काढली?" मी विचारलं.

हे गाडीच्या नाकासमोर स्टुलावर उभे होते. हातात पेचकस, खांद्यावर माझ्या जुन्या साडीचा फडका. काढलेली काच बाजेवर गोधडी अंथरून निजवली होती. कालच आम्ही अकोल्याहून मंडळातल्या महादेवरावांची तेरवी आटोपून परतलो होतो. सकाळी चहा झाला, आणि हे अंगणात गेले.

"रबर कडक झालं," हे म्हणाले. "पानी आला का आत गळन."

"श्रावणात एवढा पानी पडला. एक थेंब नाई गळला."

हे स्टुलावरून उतरून एक नट शोधायला लागले. बोलायचं नसलं की आमच्या यांचं हे असंच. दोन्ही कान शाबूत असलेला माणूस इतका बहिरा होऊ शकतो, हे लग्नानंतरच कळतं.

ही गाडी माझी नाही आणि खरं तर यांचीही नाही. ती भजन मंडळाची. चांदूर रेल्वेजवळ आमचं गाव. हे अमरावतीला पाटबंधारे खात्यात कारकून. आठवडाभर टेबलावर मान खाली घालून बसायचे आणि शनिवार आला की गावची वाट धरायचे. मंडळानं तेव्हा अकोल्याच्या एका तेलघाणीवाल्याची ही जुनी मेटॅडोर घेतली होती. गाडी घेतली, पण चालवणार कोण? मंडळात सगळे गाणारे-वाजवणारे. यांना ना सूर ना ताल. टाळसुद्धा एकदा हातात दिला तर दुसऱ्या दिवशी परत मागून घेतला. पण गाडी मात्र यांच्या हाताला अशी बसली, की कारकुनाचे ड्रायव्हर कधी झाले ते आम्हालाही कळलं नाही.

मग काय, सगळं वऱ्हाड यांचंच. आज दर्यापूर, उद्या तिवसा, परवा बाळापूर. कुठे सप्ताह, कुठे कोणाच्या आईचं वर्षश्राद्ध. सोमवारी ऑफिसला जायच्या आधी घरी यायचे ते धुळीनं मिशा पांढऱ्या करून. आंघोळ करताना गात असत. बेसूर, पण इतके खुशीत की मी कधी टोकलं नाही. ऑफिसातून परतलेला हा माणूस मला ठाऊक होता. सोमवार सकाळचा माणूस वेगळाच होता. खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडायचा.

गाडीत प्रत्येकाची जागा ठरलेली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी जाईबाई, मंडळाच्या मुख्य गायिका. वारा गळ्याला बाधतो म्हणून त्या काच लावून घ्यायच्या. त्यांच्या शेजारी पेटीवाले शेखरभाऊ. त्यांच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे थुंकायला त्यांना खिडकी उघडी लागायची. या एका काचेवरून दोघांचं जन्मभर भांडण. मागच्या बाकावर महादेवराव, खंजिरी मांडीवर घेऊन. लेकराला घ्यावं तशी. रस्ता कितीही खराब असो, ते झोपायचे आणि झोपेतही खंजिरी सोडायचे नाहीत.

पुढं मंडळ विरलं. कोणी शहरात गेलं, कोणाचे गुडघे गेले. महादेवराव लेकाकडे अकोल्याला राहायला गेले. गाडी गावात लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. पत्र्याला भोकं पडली. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

हे निवृत्त झाले आणि महिन्याभरात ती गाडी एका ट्रॅक्टरला बांधून अमरावतीला आमच्या अंगणात आली. तिथं मी मोगरा आणि शेवंती लावणार होते. कॉलनीतल्या लोकांना वाटलं, आम्ही भंगाराचा धंदा काढतो आहोत. यांनी मात्र सगळ्यांना फोन केले. पुढच्या पुण्यतिथीला सगळं मंडळ याच गाडीतून मोझरीला जाणार. मोझरीला राष्ट्रसंत महाराजांचा आश्रम, आणि त्यांच्या पुण्यतिथीला तिथं जाणं हा आमच्या मंडळाचा वर्षातला मोठा दिवस. शेखरभाऊंनी पेटीचा भाता बदलून घेतला. जाईबाईंनी फोनवर विचारलं म्हणे, की माझ्या खिडकीची काच वर-खाली होते ना?

पुढची पुण्यतिथी आली आणि गेली. त्याच्या पुढचीही गेली.

काम काही खोटं नव्हतं. रोज सकाळी रॉकेलचा बोळा घेऊन बसायचे आणि एकेक नट सैल करायचे. गंज खरवडून खरवडून नखं तांबडी. तळाचा सगळा पत्रा बदलला. इंजिन उतरवलं, खोललं, पुन्हा बसवलं. बडनेऱ्याहून रेल्वे पकडून अकोल्याच्या भंगार बाजारात जायचे आणि दाराची एक मूठ घेऊन असे परतायचे, जसा सोन्याचा दागिना सापडला. मी कितीदा म्हटलं, माझ्या संधिवातासाठी कधी इतके फिरलात? तर म्हणाले, तुझे पार्ट भेटत नाईत. बोलून स्वतःच हसले. मलाही हसू आलं, काय करणार.

एकदा रंगसुद्धा झाला. खाली निळा, वर सायीचा, अगदी पूर्वीसारखा. पुण्यतिथीला थोडे दिवस होते. मी मनात म्हटलं, यंदा सुटले. आणि त्याच आठवड्यात शेखरभाऊ गेले. हे गावी जाऊन आले, दोन दिवस अंगणात फिरकले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतला चांगला बसवलेला मधला बाक उचकटून बाहेर काढला. म्हणे स्क्रू आट्यात बसले नाहीत. ते वर्ष त्या बाकात गेलं. मंडळाचे तबलजी वारले तेव्हा सायलेन्सर निघाला; असं एकेक माणूस गेलं आणि एकेक पार्ट निघाला. तेव्हाही मी चिडले, पण त्यापलीकडे माझी अक्कल गेली नाही. गेल्या वर्षी तर आरटीओचं पासिंगही झालं होतं. तरीही गाडी फाटकाबाहेर निघाली ती फक्त पासिंगपुरती.

आता महादेवराव गेले, आणि काच निघाली. बाजेवरच्या त्या काचेकडे पाहता पाहता मला एकदम कळलं. गाडी तयार झाली की ती निघणार. निघाली की मागचे बाक रिकामे दिसणार. जोवर काम बाकी आहे तोवर सगळे यायचे आहेत, कोणी गेलेलं नाही. मला यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भीती वाटली. कारण मंडळातलं आता एकच माणूस उरलं होतं. जाईबाई. ऐंशीच्या पुढे गेलेल्या, चांदूर रेल्वेला पुतण्याकडे राहणाऱ्या. त्या असेपर्यंत गाडी निघाली नाही, तर ती कोणासाठीच निघणार नव्हती. आणि मग हा माणूस काय करणार होता, ते मला पाहायचं नव्हतं.

मी यांना न सांगता जाईबाईंना फोन लावला. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पुण्यतिथी कोणत्या वारी येते.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी पुतण्या त्यांना आमच्या फाटकाशी सोडून कामाला गेला. पांढरं लुगडं, हातात पिशवी. घरात न येता त्या सरळ गाडीकडे गेल्या. हे पुढच्या चाकाशी बसलेले होते. काच एव्हाना नव्या रबरात बसली होती आणि यांनी आता चाकाच्या ब्रेककडे मोर्चा वळवला होता. उठायच्या आत जाईबाईंनी दाराची मूठ धरली, एक पाय वर टाकला, दम घेतला, दुसरा टाकला आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसल्या. काच वर-खाली करून पाहिली. मग लावून घेतली.

"माय, आज नाई जमत," हे म्हणाले. मातीचे हात पुसत दारात उभे राहिले. "सेल्फचा भरोसा नाई. कधी घेते, कधी नाई घेत. रस्त्यात बंद पडली तर धक्का लागन. पुढच्या साली पक्कं नेतो."

"पंजाब," जाईबाईंनी यांना नावानं हाक मारली, "पुढच्या साली मी काई वाट पाहून नाई राहणार."

यांनी दाराची मूठ उगीच फिरवून पाहिली.

"तुले काय वाटते, मले ठाऊक नाई? शेखर नाई, महादेव नाई. मी मोजून नाई राहिली काय? पर मी हाओ ना अजून. मले ने. मी मेल्यावर मंग तू गाडी खोलत बस, नाईतर जाळून टाक."

इतकं स्पष्ट मला चाळीस वर्षांच्या संसारात बोलता आलं नव्हतं. हे खाली बसले आणि खोललेला ब्रेक पुन्हा जागेवर बसवायला लागले. दुपारी ते झालं तेव्हा आत आले, हात धुतले, आणि कपाटातला पांढरा सदरा मागितला. मी तो आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी कट केला ते त्यांना कळलं.

इंजिन चालू झालं. दोनदा कुरकुरलं, तिसऱ्यांदा घेतलं. मी पुढे यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं ही गाडी मी धुतली, पुसली, तिला शिव्या दिल्या, पण रस्त्यावर तिच्यात आज पहिल्यांदाच बसत होते. नागपूर रोडला लागलो तसा यांचा खांदा सैल झाला. एक हात खिडकीवर, मान जराशी तिरकी. मला तो सोमवार सकाळचा माणूस दिसला. शेजारून मोटारी सूं सूं करत जात होत्या, लहान मुलं काचेतून आमच्याकडे बोट दाखवत होती. हे प्रत्येक मोठ्या गाडीला शिस्तीत बाजू देत होते. दोन्हीकडे कपाशी फुटलेली. मागून जाईबाई मधूनच सांगायच्या, इथं आपन थांबलो होतो, इथं महादेवची चप्पल पडली होती. हे म्हणायचे, हो माय. मग हसायचे.

मोझरी जवळ आली तशी गर्दी दाटली. पायी दिंड्या, ट्रॅक्टर, एसट्या, भगव्या टोप्या. आम्ही मुंगीच्या पावलानं सरकत होतो. मला वाटलं होतं मौनाच्या आत आश्रमात पोहोचू, पण तिथंच रस्त्यावर वेळ झाली. पुण्यतिथीला संध्याकाळी महाराजांच्या जाण्याच्या क्षणी मौन पाळतात. तेव्हा जो जिथं असेल तिथं उभा राहतो. चालणारा चालायचा थांबतो, महामार्गावरच्या गाड्यासुद्धा जागच्या जागी थांबतात. पुढच्या एसटीनं इंजिन बंद केलं. बाजूच्या ट्रकनंही केलं.

यांचा हात इंजिन बंद करायच्या खुंटीवर होता, पण ते ओढत नव्हते.

"राहू द्या चालू," मी हळूच म्हटलं. "बंद केली अन् मंग नाई घेतली तर?"

यांनी मान हलवली. "मौनात गाडी घरघरत ठेवू काय?" म्हणाले, आणि खुंटी ओढली.

इतकी माणसं, आणि एकाचाही आवाज नाही. लांब कुठं तरी झेंड्याचं कापड फडफडत होतं तेवढं ऐकू येत होतं. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून हात जोडून उभा होता. मीही डोळे मिटले, पण राहवलं नाही म्हणून उघडले. हे हात जोडून समोर पाहत नव्हते. वरच्या छोट्या आरशात पाहत होते. आरशात मागचे बाक होते, नवं रेक्झिन लावलेले, एकामागे एक. इतकी वर्षं ज्या बाकांकडे पाहायचं यांनी टाळलं, त्यांच्याकडे हे आता मान न हलवता पाहत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि यांनी ते पुसलं नाही. मी यांना यांच्या आईच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही वाटलं.

मौन संपलं. सगळीकडून एकदम आवाज उठला, इंजिनं सुरू झाली. यांनी किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला, पुढे काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. मागून हॉर्न वाजायला लागले. मी म्हटलं आता हे खाली उतरतील, बॉनेट उघडतील, आणि आपला दिवस इथंच संपेल.

पण हे जागचे हलले नाहीत. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "भाऊ, जरा धक्का मारता काय?" ट्रकवाला आला, एसटीतली चार-पाच माणसं आली, दिंडीतल्या भगव्या टोपीवाल्या बायासुद्धा पदर खोचून मागे लागल्या.

यांनी क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. आणि मागे न वळता विचारलं, "बसले काय सारे?"

मंडळाची गाडी कुठल्याही गावाहून निघताना ड्रायव्हरनं हे विचारायचं, आणि मुख्य गायकानं सगळ्यांवर नजर फिरवून उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत होती. मी मागे वळून पाहिलं. जाईबाईंनी शेजारच्या जागेकडे पाहिलं, मधल्या बाकाकडे पाहिलं, मग वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. अजिबात घाई केली नाही. तोवर हॉर्न वाजत होते.

"बसले," त्या म्हणाल्या. "सारे बसले. चाल."

मागच्या माणसांनी जोर लावला, गाडी हलली, आणि यांनी क्लच सोडला.