साबणाची चव

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. अर्ध्या लिटरची, पांढरट प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची. कारखान्यात मला साच्यात फुगवलं, थंड केलं आणि ढीगभर बहिणींबरोबर खोक्यात कोंबलं. कुणी तेलाकडे गेल्या, कुणी औषधाकडे. माझ्या वाट्याला पाणी आलं, आणि तेही पिण्याचं नाही. तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

मी आले एका हरितगृहात. तिथे ढोबळी मिरचीची रोपं मातीशिवाय, पिशव्यांत वाढत. त्यांची खतं पाण्यात विरघळवून बारीक नळ्यांतून थेंबाथेंबाने दिली जात. त्या पाण्यात काय किती आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून दर महिन्याला त्याचा नमुना माझ्यात भरून प्रयोगशाळेत पाठवत. तपासणी झाली की मी परत यायची, कारण मालकीणबाईंना बाटली फुकट घालवणं पटत नसे.

खतं कालवायचं काम मामांकडे होतं. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. हरितगृहामागच्या खोलीत ते आणि मामी राहत. नोकरी होती तोवर खोली होती. नमुना घ्यायची त्यांची रीत ठरलेली. आधी नळी थोडा वेळ वाहू द्यायची, म्हणजे उन्हाने तापून बसलेलं पाणी निघून जातं. मग त्याच पाण्याने मला तीनदा विसळायचं आणि शेवटी काठोकाठ भरायचं. साबणाला ते मला शिवू देत नसत. खतांच्या डागांनी मी बाहेरून कळकट दिसे, पण आतून चोख होते. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणत, "ह्या बाटलीतला नमुना कधी दगा देत नाही." मित्रांनो, तेव्हा मी फुशारून जात असे.

एकदा खताचं पोतं नेहमीपेक्षा लवकर संपलं. मालकीणबाईंनीच त्या हंगामात दोन ओळी वाढवल्या होत्या, आणि वाढीव रोपं काही हवा खाऊन जगत नाहीत. पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मामा खत विकतात किंवा मुठीमुठीने ओततात, असं त्यांनी मनात पक्कं केलं. बाई स्वच्छतेच्या मोठ्या भोक्त्या. माझे डाग बघून म्हणाल्या, "शी, असली बाटली पाठवतात? लोक काय म्हणतील!" त्यांनी मला कपड्यांच्या पावडरीने आतबाहेर घासलं, एकदाच वरवर विसळलं आणि मामांना न सांगता नमुना स्वतः भरला. माझ्या तळाशी बुळबुळीत थर तसाच राहिला होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण देवाने बाटलीला तोंड दिलं आणि आवाज दिला नाही.

पाण्यात स्फुरद दुप्पट आहे, असा निरोप आला. स्फुरद म्हणजे मुळांना लागणारं खत. त्या पावडरीतही ते होतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

बाईंनी सगळ्या कामगारांना गोळा केलं. सकाळीच त्यांनी मला पुन्हा पावडरीने लख्ख केलं होतं. आता त्या सगळ्यांसमोर नमुना भरू लागल्या.

मामा म्हणाले, "बाई, थांबा. आधी ह्याच पाण्याने तीनदा विसळू द्या."

"म्हणजे पुरावा ओतून टाकायचाय का?" बाई म्हणाल्या. आजवर त्या मामांना अहोजाहो करत. त्या दिवशी त्या एकदम अरेतुरेवर आल्या. "तुझीच करणी आहे ना ही? मग घे. चव बघ."

मामांनी मागच्या खोलीकडे एकदा बघितलं. मामी दारात उभ्या होत्या. घोटभर पाण्याने भागत असेल तर भागू दे, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला तोंडाला लावलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्याला साबणाची चव लागतेय."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "मामा, तोंड धुऊन चूळ भरायला विसरलात वाटतं." मग तर सगळे पोट धरून हसले. बाईही हसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

त्याच पाण्याचा नमुना गेला आणि पुन्हा तोच निरोप आला. मामांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने स्फुरद जवळजवळ बंद केलं. रोपांची पानं जांभळट पडली, फुलं गळली. पानांचे फोटो बघून प्रयोगशाळेतल्या ताई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी फोन केला. "रोपं उपाशी दिसतात आणि पाण्यात मात्र खच्चून खत, असं कसं? बाटली कशाने धुता हो?"

बाईंनी फोन ठेवला. मग पावडरीचा डबा उचलून त्यावरची बारीक अक्षरं वाचली.

त्यांच्या सुनेने शेजारून सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, मामांना बोलवून घेऊया ना. त्यांना अजून कुठे काम नाही मिळालं."

"आणि सांगू काय? मी चुकले म्हणून? उद्या सगळे डोक्यावर बसतील माझ्या."

दोनच दिवसांनी दुसऱ्या एका हरितगृहाच्या मालकांचा फोन आला. मामा त्यांच्याकडे काम मागायला गेले होते, माणूस कसा आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सून हातातलं काम थांबवून सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "माणूस तसे चांगले आहेत हो. फक्त हात जरा सैल आहे त्यांचा. पोत्यांवर लक्ष ठेवा."

मामांना ते काम मिळालं नाही. नंतर कुणी त्यांच्याबद्दल विचारलंही नाही. आता स्फुरद पुन्हा पूर्वीइतकं देतात, रोपं सुधारली आहेत, आणि मला रोज पावडरीने घासून खिडकीत ठेवतात. आल्यागेल्याला मी लख्ख दिसते. बाईंच्या स्वच्छतेचं सगळे कौतुक करतात. मला मात्र स्वतःची किळस येते.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझे लाड काही कमी होत नाहीत. मागणं एवढंच आहे. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्याने मला विसळा. आणि कुणी माझ्यातला घोट घेऊन चव सांगितली, तर हसण्याआधी एक घोट स्वतः घेऊन बघा. त्या दिवशी तिथे इतके जण उभे होते, आणि मी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होते.